सक्तीची यादी

आमच्या ऑफिसात पाठीमागे मला अडवणूकबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. आम्ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो, वर्षातून दोनदा तिचं नवं रिलीज काढतो, आणि ते बाहेर पडण्याआधी त्यात काय बिघडलंय ते शोधून काढणं हे माझं काम. माझ्या हाताखाली पाच जण आहेत. आम्ही 'थांबा' म्हटलं की रिलीज थांबतं. निदान कागदावर तरी तसं लिहिलेलं आहे.

त्या कागदाचं नाव सक्तीची यादी. आजकाल कॉम्प्युटर म्हणजे टेबलावरचा डबा राहिलेला नाही. एका मोठ्या यंत्राच्या पोटात दहा-बारा खोटी यंत्रं चालतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं की आपलं घर स्वतंत्र, आपली डिस्क स्वतंत्र. हा एकत्र संसार सांभाळणारे प्लॅटफॉर्म बाजारात सतराशे साठ आहेत. सगळ्यांवर आमची सिस्टिम चालवून बघणं कुणाच्या बापाला शक्य नाही. म्हणून यादी. यादीतल्या प्लॅटफॉर्मवर सिस्टिम सुरू झालीच पाहिजे, नाही झाली तर रिलीज नाही. बाकीच्यांसाठी दुसरी यादी आहे, तिला सदिच्छा यादी म्हणतात. तिथे गेलेलं कुणी परत आलेलं मी पाहिलेलं नव्हतं.

सक्तीच्या यादीत तीन नावं होती. एक आमच्याच सिस्टिमबरोबर येणारा प्लॅटफॉर्म, दुसरा भाड्याने सर्व्हर देणाऱ्या एका बड्या कंपनीचा, आणि तिसरा वीस वर्षांचा जुना, ज्याला सगळे म्हातारी म्हणायचे. म्हातारीबद्दल कुणाला प्रेम नव्हतं. मलाही नव्हतं. पण रिलीजला अकरा दिवस उरले असताना म्हातारीवर आमची नवी सिस्टिम सुरू होईना. काळी स्क्रीन, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ, बस्स. सिस्टिमला डिस्कच दिसत नव्हती. माझ्या लोकांनी तीनदा करून पाहिलं, चौथ्यांदा मी स्वतः केलं, आणि 'थांबा' असा शेरा मारला. ज्या प्रोग्रामरकडे ते काम जाणार होतं, त्याने दुरुस्तीला तीन आठवडे मागितले.

दुसऱ्याच दिवशी मीटिंग लागली. बिघाड दुरुस्त कसा करायचा यावर नव्हे. म्हातारीला यादीतून काढायचं कसं, यावर.

मीटिंग बोलावली होती तारीखमास्तरांनी. ते रिलीजचे प्रमुख. त्यांना काहीच कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल, त्यांना तारीख कळते. रिलीजची तारीख जाहीर झाली की ते टेबलावरच्या कॅलेंडरवर तिच्याभोवती लाल गोल काढतात आणि मग जगातली प्रत्येक गोष्ट त्या गोलाच्या आतली किंवा बाहेरची असते. त्यांच्या शेजारी सल्लागार बसला होता. आमच्याकडे येऊन त्याला आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्याने एकही गोष्ट केली नव्हती, फक्त प्रत्येक गोष्टीला नवं नाव दिलं होतं. टेबलाभोवती आणखी सहा माणसं होती. त्यांची ओळख करून देत नाही, कारण त्यांनी पुढे काहीही केलं नाही. हात तेवढे वर केले.

सल्लागाराने स्लाइड लावली. त्याने वेबसाइटवर लोकांना विचारलं होतं की येत्या दोन वर्षांत तुम्हाला कोणता प्लॅटफॉर्म वापरायला आवडेल. म्हातारी म्हणणारे शंभरात दोन निघाले.

"आवडेल असं विचारलंत," मी म्हणाले. "आज काय वापरता ते विचारलंत का?"

"आपण भविष्याकडे पाहतोय," तो म्हणाला.

"ज्यांची यंत्रं आज बंद पडतील ते भविष्याकडे कशातून पाहणार?"

तारीखमास्तरांनी घड्याळ पाहिलं. सल्लागार मात्र चेव येऊन बोलायला लागला. म्हणाला, "हे बघा मॅडम, मी नुसत्या आकड्यांवर बोलत नाही. नवं रिलीज मी परवा स्वतः म्हातारीवर चालवून पाहिलं. काही अडचण नाही. थोडं संथ आहे, इतकंच."

खोलीतल्या सहा माना हलल्या.

"अच्छा," मी म्हणाले. "सुरू झाल्यावर पहिलं काय विचारलं तुम्हाला?"

"भाषा. कोणती भाषा हवी ते."

"काळ्या स्क्रीनवर?"

त्याला कळलं नाही. मी समजावून सांगितलं, की भाषा विचारायच्या आधीच ती मरते, आम्ही चारदा चालवली आणि चारदा मेली, आणि त्याच्याकडे चालली असेल तर त्याने आजच माझ्या खोलीत येऊन ती चालवून दाखवावी, मी सगळ्या टीमला उभं करते. तो हसला. लाजेने नव्हे; एखाद्या पोराच्या हट्टाकडे बघून मोठी माणसं हसतात तसा. तारीखमास्तर म्हणाले, "हा मुद्दा आपण बाजूला ठेवू." मुद्दा बाजूला ठेवला गेला आणि तो माणूस खोटं बोलला ही गोष्टही त्याच्याबरोबर बाजूला गेली. मग ठरलं की परवा पुन्हा भेटायचं, आणि म्हातारी खरंच कोण वापरतं याची काही माहिती मिळाली तर मी आणावी.

घरी माझी ताई आलेली होती. ताई ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. तिच्यापुढे मी सल्लागाराची नक्कल केली, मान तिरकी करून, दोन बोटांनी चष्मा वर सारून. ताई हसली. मग मी तारीखमास्तरांची केली. मग त्या सहा मानांची. ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुला हे लोक इतके नकोसे आहेत, की नसले तर तुला करमणार नाही?" मला ते झोंबलं. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. काका म्हणजे आमच्या सर्व्हरची देखभाल करणारे. सव्वीस वर्षं तळमजल्यावरच्या त्या थंडगार खोलीत बसलेले, कानावर लोकरीची टोपी ओढलेली, समोर पंख्यांची अखंड घरघर. सगळ्या इमारतीत ज्याच्याशी बोलल्यावर मला हात धुवावेसे वाटत नाहीत असा एकच माणूस. मी नवीन लागले होते तेव्हा त्यांनी मला केबल गुंडाळायला शिकवलं होतं.

"काका, नवं रिलीज म्हातारीवर सुरूच होत नाही. ती वापरणारं कुणी ठाऊक आहे का तुम्हाला? बाहेरची एखादी कंपनी?"

त्यांनी टोपी वर सरकवली. "बाहेर कशाला जातेस? तू ज्या जिन्यावरून उतरलीस त्याच्या वरचं सगळं ऑफिस म्हातारीवर आहे."

मला खरंच वाटेना. त्यांनी त्यांची वही काढली. मेल, फायली साठवायचं यंत्र, लोक जिथून सिस्टिम उतरवून घेतात ते वेबसाइटचं यंत्र, इतकंच काय, ज्याच्यावर रिलीज तयार होतं ते यंत्रसुद्धा. अकरा खोटी यंत्रं, दोन खऱ्या यंत्रांच्या पोटात, आणि दोन्हीकडे संसार सांभाळणारी म्हातारीच. चौदा वर्षांपूर्वी काकांनीच बसवली होती. चालत होती, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

"आणि रिलीजच्या दिवशी?" मी विचारलं.

"सकाळी अकराला अकराच्या अकरा आपोआप नव्या रिलीजवर जातात. तारीखमास्तरांचीच आज्ञा आहे ती. आम्ही स्वतः पहिल्या दिवसापासून वापरतो असं वेबसाइटवर लिहायचं असतं ना त्यांना." मग ते म्हणाले, "मला काही मीटिंगला बोलवत नाहीत. तू सांगशील ना त्यांना? हे दुरुस्त झाल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून."

"सांगते," मी म्हणाले.

निघताना त्यांनी मला खणातून एक पाकीट दिलं. मुलीचं नोंदणी पद्धतीने लग्न होतं, रिलीजच्याच दिवशी. "तुला यायला जमणार नाही, त्या दिवशी तुमची धावपळ. पण द्यायला हवं म्हणून दिलं." मी अभिनंदन केलं आणि वहीतल्या पानाची नक्कल घेऊन वर आले.

ते पान घेऊन मी दुसऱ्या मीटिंगला गेले. सांगायचं, याच विचाराने गेले होते. पण त्या दिवशी पाऊण तास नुसता एका शब्दावर गेला. 'सक्ती' हा शब्द नकारात्मक वाटतो, त्याऐवजी 'वचनबद्धता' म्हणावं असं सल्लागाराचं मत होतं. सहांपैकी दोघांना 'प्राधान्य' बरं वाटत होतं. परवा धडधडीत खोटं बोललेला माणूस आज वचनबद्धतेवर बोलत होता आणि लोक टिपणं घेत होते. एकाही माणसाने विचारलं नाही की आपण हा कागद ज्या यंत्रावर साठवतोय ते कशावर चालतं. मी त्यांच्याकडे बघत बसले. आयुष्यात कधी कुठला सर्व्हर डोळ्यांनी न पाहिलेली माणसं, हातात गरम पेले, आणि चेहऱ्यावर देश चालवत असल्याचा भाव.

मग तारीखमास्तर माझ्याकडे वळले. म्हणाले, "मॅडमना दर वेळी कुणीतरी म्हातारी सापडतेच रडायला." सगळे हसले. "तर मग, कुणी वापरणारं मिळालं का?"

पान माझ्या फाईलमध्ये वरच होतं. मी फाईल उघडली नाही.

"सांगण्यासारखं काही नाही," मी म्हणाले.

"म्हणजे आक्षेप नाही?"

"नाही."

त्यांनी हात वर करायला सांगितलं. मीसुद्धा केला. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते: मला फार बरं वाटलं. पडा, असं वाटलं. तुमच्याच खड्ड्यात, तुमच्याच तारखेला, तोंडावर पडा. काका आहेत, ते आपली यंत्रं आपोआप बदलू देणार नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली होती. काका त्या दिवशी रजेवर आहेत हे मला माहीत होतं. लग्नाचं पाकीट माझ्याच पर्समध्ये होतं. या दोन गोष्टी मी डोक्यात एकमेकींना भेटू दिल्या नाहीत.

रिलीजच्या दिवशी सकाळी साडेदहाला मोठ्या हॉलमध्ये पाहुणे बसले. तारीखमास्तर नवा कोट घालून आले होते. सल्लागार पडद्यासमोर उभा राहून सांगत होता की आमची सिस्टिम आम्ही स्वतः वापरतो, या क्षणी आमची सगळी यंत्रं नव्या रिलीजवर जात आहेत. अकरा वाजून चार मिनिटांनी त्याच्या मागचा पडदा गोठला. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग मेल गेली. मग फायली गेल्या. मग कुणीतरी पाहुण्यांपैकी म्हणालं की वेबसाइट उघडत नाही. तारीखमास्तर हसऱ्या चेहऱ्याने उभे होते आणि त्यांचे कान लाल होत चालले होते. मी मागच्या भिंतीला टेकून सगळं पाहिलं. वीस मिनिटं मी इतकी सुखात होते की काय सांगू.

एकविसाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणालं, "काकांना बोलवा."

काकांना बाहेरून काही करता येणार नव्हतं, कारण बाहेरून आत शिरायची वाटसुद्धा त्या अकरातल्याच एका यंत्रातून जात होती. कुणीतरी त्यांना घेऊन यायला हवं होतं. मी म्हणाले, मी जाते.

नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. काका टोपीशिवाय बसले होते. त्यांना टक्कल आहे हे मला तेव्हा कळलं. करड्या रंगाचा कोट, खिशाला पांढरं फूल, आणि मांडीवर लॅपटॉप, ज्यावर काहीच दिसत नव्हतं. शेजारी त्यांची बायको दोन्ही हातांनी पर्स धरून बसली होती. मुलगी आणि होणारा जावई दाराजवळ उभे होते. त्यांच्या आधी अजून दोन जोडपी होती.

"काही लागत नाही गं," काका म्हणाले. "अकराच्या अकरा गेली. हे झालं कसं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. तारीखमास्तर. "निघालात का? पाहुणे थांबलेत."

"मुलीच्या लग्नावर सही झाल्याशिवाय ते निघणार नाहीत," मी म्हणाले.

"मॅडम, परिस्थितीचं गांभीर्य..."

मी फोन बंद केला. पस्तीस मिनिटं आम्ही तिथे बसलो. नंबर आला, काकांनी साक्षीदार म्हणून सही केली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. सगळे जेवायला जाणार होते. मुलगी म्हणाली, "बाबा, आजसुद्धा?" काका म्हणाले, "संध्याकाळी येतो." तिने माझ्याकडे पाहिलं. ऑफिसमधून आलेलं कुणीतरी, एवढंच तिला माझ्याबद्दल माहीत होतं, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

गाडीत बसल्यावर काकांनी लॅपटॉप मिटला. "तू सांगितलं होतंस," ते म्हणाले, "म्हणून मी निर्धास्त होतो. रिलीज सुटलं म्हणजे म्हातारीवरचा बिघाड काढलाच असणार. यादीत आहे म्हटल्यावर तसंच सोडणार नाहीत. नाहीतर मी कालच सगळं थांबवून ठेवलं असतं."

म्हातारीला यादीतून काढलं हेही त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मीही नाही.

"काका, मी सांगितलं नव्हतं."

गाडी सिग्नलला उभी होती. त्यांनी विचारलं, "विसरलीस?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. त्यांनीच दार उघडून दिलं होतं.

"नाही. आठवत होतं. पान समोर होतं. ते लोक... त्यांची अक्कल एकदा जगासमोर यावी असं वाटलं मला."

काकांनी खिशातलं फूल काढलं, त्याची टाचणी नीट पुन्हा देठात खोचली आणि ते समोर ठेवून दिलं. मग म्हणाले, "आली का मग?"

ऑफिसात पोचल्यावर ते फक्त कामाचं बोलले. आदल्या संध्याकाळच्या प्रती सुरक्षित होत्या. एकेक यंत्र घेऊन त्याची जुनी प्रत परत बसवायची होती. प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं. मी वहीतून आकडे वाचून दाखवत होते, ते टाइप करत होते. "पुढचा वाचा," ते म्हणाले. मला वाटलं चुकून म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही जरा ती केबल धरा." सात वर्षं मला 'तू' म्हणणारा माणूस. त्या खोलीत थंडी कायमचीच, पण मी कधी तिथे कुडकुडले नव्हते. साडेपाचला अकरावं यंत्र उभं राहिलं. काकांनी कोट झटकला, टोपी घातली, मग काढून ठेवली आणि गेले. मुलीकडचं जेवण तोवर कधीच उरकलं होतं.

आठवड्याने झाल्या प्रकारावर मीटिंग झाली. सल्लागाराने स्लाइड लावल्या. पहिलीवर लिहिलं होतं, 'दोष कुणाचाच नाही'. दुसरीवर 'शिकलेले धडे', त्यात धडा एकच, की संवाद वाढवायला हवा. तारीखमास्तरांना वरून कौतुकाचं पत्र आलं होतं, सहा तासांत सगळं पूर्ववत केल्याबद्दल. त्यांनी ते वाचून दाखवलं. काकांचं नाव त्यात नव्हतं.

मी उभी राहिले. म्हणाले, "मला आधी माहीत होतं. आपली सगळी यंत्रं म्हातारीवर आहेत याचा कागद दुसऱ्या मीटिंगला माझ्याकडे होता. मी मुद्दाम बोलले नाही."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. ओरडतील, निदान विचारतील.

"खरं आहे," तारीखमास्तर गंभीरपणे म्हणाले. "एका अर्थी आपल्या सगळ्यांनाच माहीत होतं."

सहा माना हलल्या. सल्लागाराने ते वाक्य टिपून घेतलं.

म्हणजे गुन्हा कबूल करायला गेले तर त्यांनी त्याचेही नऊ समान वाटे केले आणि मला माझा एक देऊन बसवलं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती मुळीच हसली नाही. "ज्यांना तू काडीची किंमत देत नाहीस," ती म्हणाली, "त्यांच्याकडे शिक्षा मागायला कशाला गेलीस? ज्यांच्याकडे मागायची होतीस त्यांच्याकडे गेलीस का?"

गेले. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर गेले आणि माफी मागितली. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ठीक आहे. पण यापुढे माझं जे काही असेल ते मी लेखी देईन. तुम्ही तोंडी निरोप घेऊ नका." मी मुलीबद्दल विचारलं. ती परगावी गेली होती, बरी होती.

म्हातारी सक्तीच्या यादीत परत आली. प्रोग्रामरला त्याचे तीन आठवडे मिळाले, त्याने दोनच घेतले. पुढच्या रिलीजच्या वेळी एका नव्या, फॅशनेबल प्लॅटफॉर्मला यादीत घ्यायचा प्रस्ताव सल्लागाराने आणला. मी अट घातली की सर्व्हर सांभाळणारा माणूस खोलीत असल्याशिवाय मी चर्चेला बसणार नाही. बोलावणं मी लेखी पाठवलं. काका आले, टोपी हातात घेऊन, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चार मिनिटं बोलले. हा प्लॅटफॉर्म अजून वर्षभर तरी घेऊ नये, का घेऊ नये, कुठे अडतो, सगळं आकड्यांसकट. तारीखमास्तर कॅलेंडर बघत होते. सल्लागार टेबलाखाली फोन बघत होता. सहा माना जिकडे वारा असेल तिकडे जायला तयार होत्या.

शेवटी काकांचंच ऐकलं गेलं, कारण जेवणाची वेळ झाली होती आणि 'नाही' म्हणायला कमी वेळ लागतो. मी निर्णयाचं टिपण लिहिलं, खाली कारणं काकांच्या शब्दांत लिहिली, त्यांचं नाव घातलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. न वाचता सह्या केल्या त्यांनी. त्यांच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. बदलायला कुणी काही केलेलंही नाही. फक्त आता मीटिंगमध्ये मला काही माहीत असलं की ते मी आधी बोलून टाकते, आणि त्यांच्या तोंडाकडे नंतर बघते.